आत्याबाई खुर्ची बघायला जातात

आत्याबाई कुठल्याही ऑफिसात शिरल्या की आधी खुर्चीला हात घालायच्या. साहेबाला नमस्कार नंतर. दोन्ही हातांनी पाठ धरून खुर्ची गदागदा हलवायची, मग स्वतः तिच्यावर बसायचं, चपला काढून तळवे जमिनीला टेकतात का बघायचं, आणि समोर तोंड उघडं टाकून बसलेल्या माणसाला विचारायचं, "इथून उठावं कधी लागतं?"

शहरातल्या गारखेड्यात त्यांचं घर होतं आणि मी त्यांचा भाडेकरू. त्यांना सगळेच आत्याबाई म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. ज्यांच्या अंगात दम नाही, ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही, अशांना बसतं काम लावून देणं हा त्यांचा उद्योग. समाजसेवा म्हटलं की त्या भडकायच्या. "सेवा देवाची करत्यात. म्या फकस्त जागा बघते," असं म्हणायच्या.

त्याआधी त्या सिल्लोड आणि कन्नडच्या पट्ट्यात लग्नं जमवायच्या. तो धंदा त्यांनी सोडला, पण त्याची भाषा काही सुटली नाही. नोकरीला त्या 'स्थळ' म्हणायच्या. मुलाखतीला जाणं म्हणजे बघायला जाणं. ऑफिसवाले म्हणजे मुलाकडचे, आणि आपण कायम मुलीकडचे. "आपल्याला पोर द्यायचीय तिथं. नीट बघून द्यायला नको?" ती पोर म्हणजे मी. रुंद खांद्यांचा, मिशा असलेला, पिशोरच्या शेतकऱ्याच्या घरातला गडी. एका ऑफिसात त्यांनी सरळ सांगितलं, "आमची पोर लई गुणाची हाय, पर तिला उभं राहवत नाय." साहेब माझ्यामागं वाकून बघायला लागले, की पोर कुठंय. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायची मला अजून लाज वाटते. लहानपणी ताप आला, सांधे धरले, आणि तो ताप जाता जाता हृदयाची एक झडप खराब करून गेला. गोळ्या चालू आहेत. बसून दिवसभर काम होतं. उभं राहिलं, जिने चढलो, ओझं उचललं, की छातीत भाता चालू होतो. पण दिसायला मी बापावर गेलोय. मनगट जाड, छाती भरदार. कुणाला खरं वाटत नाही. एकदा सिटी बसमध्ये बसलो होतो, तर एक आजोबा दांड्याला धरून उभे. शेजारची बाई मोठ्यानं म्हणाली, "तरणाबांड गडी बसलाय बघा कसा मुरून." मी उठलो. पुढच्या स्टॉपला उतरलो आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं करून फुटपाथवर किती वेळ बसून राहिलो. लोकांना वाटावं, ह्याची नाडी लई अवघड आहे.

आत्याबाईंनी मला असंच पकडलं. माझी खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या मधोमध थांबावं लागायचं, म्हणून मी फोन कानाला लावायचो. "हॅलो, हां, बोल ना," असं काहीतरी. एक दिवस खालून आवाज आला, "कोणाशी बोलतो रं रोज तिथंच?"

"मित्राशी, आत्याबाई."

"मित्राला सांग, फोन उलटा धरलाय म्हणून."

खरंच उलटा धरला होता. त्याच दिवशी त्यांनी माझं सामान मागच्या खालच्या खोलीत आणवलं आणि समोर बसवून सगळं काढून घेतलं. मी वाटेल तितकं टाळलं. त्या हटल्या नाहीत. डॉक्टर काय म्हणतो, गोळी कोणती, लघवीची गोळी असेल तर दिवसातून कितीदा जावं लागतं, सगळं. आईनं कधी विचारलं नव्हतं इतकं.

इथवर ठीक होतं. पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही, आणि राहू द्यायचं नाही असा त्यांचा नियमच होता. दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला तर, "ए भाऊ, टाकी आत तूच ठेव. ह्याच्या काळजाची झडप गेलीय." भाजीवालीला, इस्त्रीवाल्याला, गल्लीतल्या शिकवणीच्या पोरींना, सगळ्यांना माझी झडप माहीत झाली. पोरींचं मला जास्त लागलं. आदल्या आठवड्यापर्यंत त्यातली एक जण माझ्याकडं बघून हसायची. नंतरही हसायची, पण ते वेगळं. आजारी मांजराकडं बघून हसतात तसं.

मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, निदान हळू तरी बोला."

"कामून? चोरी केली का तू?"

 मी माझ्या खोलीत जाऊन पडलो.

त्यांच्यासोबत स्थळं बघायला जाणं म्हणजे एक परीक्षाच. कुरिअरच्या ऑफिसात मॅनेजर म्हणाला, काम बसूनच आहे, कधीमधी पार्सल द्यायला जावं लागेल. आत्याबाई लगेच उठल्या. "कधीमधी म्हंजी रोज. चल रं." मोबाईलच्या दुकानात उंच स्टूल होतं, पाय लोंबकळत. "ही काय खुर्ची हाय? ह्याच्यावर पोपट बसवा." एका शाळेत क्लार्कची जागा होती, चांगली होती, पण हेडमास्तर म्हणाले की सकाळी प्रार्थनेला सगळ्या स्टाफनं उभं राहायचं असतं. आत्याबाईंनी अगदी कुतूहलानं विचारलं, "बसून म्हणली तर पोचत नाय का?" हेडमास्तर चिडले. शिस्तीचा प्रश्न आहे म्हणाले. खरं तर मी उभा राहिलो असतो. प्रार्थना ती केवढी. मी तसं रिक्षात त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "आज प्रार्थना. उद्या पाहुणे आले म्हणून. परवा झेंडा. मग कोण वारलं म्हणून. आपल्याकडं मान द्यायचा म्हणलं की उभंच राहावं लागतं बाबा. तुझ्यासारख्यानं मान द्यायचा कसा?"

हे मात्र त्यांनी बरोबर धरलं होतं. घरी थोरलं माणूस आलं की आम्ही बाजेवरून उठतो. मी उठलो नाही तर पिशोरात लोक म्हणत, शहरात जाऊन माजला. आणि उठलो तर माझं मला माहीत.

त्या सगळं बरोबरच करायच्या असं नाही हं. दम्याची एक मुलगी त्यांनी हिशेबाच्या कामाला लावली होती. पायऱ्या नाहीत, खुर्ची उत्तम, पंखा डोक्यावर. जागा होती मिरची कांडपाच्या गिरणीत. पायऱ्या बघता बघता मिरचीकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. ती पोर दुपारपर्यंत खोकून खोकून निळी पडली. आत्याबाई स्वतः रिक्षा घेऊन गेल्या, तिला मांडीवर आडवी घेऊन दवाखान्यात नेली, आणि मग घरी येऊन ओट्यावर बसून स्वतःलाच शिव्या देत बसल्या, "बैल हायेस तू बैल. नाक कशाला दिलंय देवानं?" पोर बरी झाली. पण तेव्हापासून आत्याबाई ऑफिसात शिरल्या की आधी वास घ्यायला लागल्या. भिंतीला, पडद्याला नाक लावून. मग खुर्ची. साहेब लोक घाबरायचे.

माझी खुर्ची शेवटी जालना रोडकडच्या एका बियाण्याच्या ठोक विक्रेत्याकडं मिळाली. कॉम्प्युटरवर बिलं करायची. खाली गोदाम, त्याला लागूनच ऑफिस, एकही पायरी नाही. जायच्या आधी मी आत्याबाईंचे पाय धरले, म्हटलं, सांगायचं तर मालकाला सांगा, पण दार लावून. त्या मोठ्या मुश्किलीनं कबूल झाल्या. केबिनचं काचेचं दार लावलं. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. छातीवर एक हात ठेवून दुसऱ्यानं त्या झडप उघडझाप करून दाखवत होत्या. मी मान खाली घालून बसलो. मालक, त्यांना आम्ही शेटजी म्हणायचो, बाहेर आले ते हसत. "चहासोबत पोहे का नाहीत विचारतायत तुमच्या आत्याबाई," म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माझ्यापाशी राहील. कामावर कुणाला कळायचं नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. त्यामुळं झालं असं की पाण्याचा जार चढवायची पाळी सगळ्यांना, मला नाही. हंगामात गाडी आली की ऑफिसातली पोरंही पिशव्या उतरवायला जायची, मी नाही. आणि का नाही, हे कुणालाच माहीत नाही. गोदामाला शकीलभाई म्हणून होते, सिल्लोडचे. पन्नाशीला आलेले, पण दोन दोन पिशव्या खांद्यावर टाकून चालायचे. जारही बहुतेक तेच उचलायचे, एका हातानं. त्यांनी माझं नाव ठेवलं नवाबसाब. "क्या नवाबसाब, पाँव कू मेहंदी लगी क्या?" सगळे हसायचे, मीही हसायचो. खरं सांगू? मला बरं वाटायचं. आळशी म्हटलेलं मला चालायचं. आळशी माणसानं मनात आणलं तर तो उठेल, असं लोक धरून चालतात. माझं मनात आणून काही होणार नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये एवढीच माझी धडपड होती. हसत हसत मी तिथं वर्षं काढली. असंच निवृत्त होईन असं वाटायचं.

मग तो सत्कार आला.

आमच्या भागातल्या एका मंडळानं आत्याबाईंचा सत्कार करायचं ठरवलं. त्या नको नको म्हणत होत्या, पण नवीन लुगडं काढलं होतं हे मी बघितलं. मंडळाची पोरं म्हणाली, तुम्ही ज्यांना ज्यांना काम लावलं त्यांना पण स्टेजवर आणा, फोटो चांगला येईल. आम्ही आठ-दहा जण गेलो. मी जायला नको होतं. पण आत्याबाईंनी येता-जाता लकडा लावला, आणि मला वाटलं, गारखेड्यातला कार्यक्रम, ऑफिसातलं कोण येतंय.

स्टेजवर सोफे, मऊ खुर्च्या, पुढं फुलं. त्यावर पाहुणे. आणि आम्ही, ज्यांना उभं राहवत नाही म्हणून जमवलेली माणसं, पाहुण्यांच्या मागं रांगेत उभी. मंडळाच्या पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. सत्काराचा फोटो असाच काढतात, पुढं बसलेले मोठे, मागं उभे बाकीचे. त्यांनी कधी वेगळं बघितलंच नाही. प्रास्ताविक झालं, मग एकाचं भाषण, मग दुसऱ्याचं. दम्याची ती पोर हुशार, ती सरळ मागच्या मागं स्टेजच्या फळीवर बसली. मी कसा बसू? समोर मैदान भरलेलं. मी पुढच्या सोफ्याची पाठ धरली. घाम सुटला. कानात शिट्टी वाजायला लागली. मी मनात म्हणत होतो, संपेल आता, संपेल आता.

आत्याबाईंनी मागं वळून बघितलं. त्या तेव्हा माईकपाशीच होत्या, शाल घेऊन दोन शब्द बोलायला उभ्या. त्या तिथूनच प्रमुख पाहुण्यांना म्हणाल्या, "साहेब, उठा जरा. ह्याला बसू द्या. ह्याच्या काळजाची झडप गेलीय, ह्यो पडंल इथंच."

माईक चालू होता. मैदानाच्या टोकाला चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसानं मान वर केली, ते मला दिसलं. आधी लोक हसले. मग पाहुणे उठले, त्यांनी मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि स्वतः बाजूला हात जोडून उभे राहिले. मग टाळ्या. हसणं परवडलं, टाळ्या नको. मी त्या फुलांच्या मागं बसलो होतो, आणि समोर शंभर मोबाईल वर झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचा पिशोरहून फोन आला. व्हिडिओ त्यांच्या पारावर पोचला होता. बाप फार बोलला नाही. "बरा हायेस ना?" एवढंच विचारलं, पण आवाज असा की घरात कोणी गेलंय. माझं एक स्थळ चालू होतं, खरं लग्नाचं. त्यांच्याकडून दुपारी निरोप आला की मुलीला पुढं शिकायचंय.

मी आत्याबाईंच्या ओट्यावर गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काय गरज होती?" मी म्हणालो.

"पडला असता."

"पडलो असतो! पडू द्यायचं होतं! मी काय जत्रेतलं जनावर आहे का, माईकवर दाखवायला?"

त्या तांदूळ निवडतच राहिल्या. ते बघून मला जास्तच चेव आला. मी नको नको ते बोललो. मग त्या हळूच म्हणाल्या, "लपिवल्यानं काय होतं ते म्या बघितलंय. एक पोर होती. धाप लागायची तिला. आईबाप म्हणले, सांगू नका, जमू द्या. म्या नाय सांगितलं. दिली पोर. त्यांनी कपाशीत जुंपली तिला, त्यांचा काय दोष, त्यांना ठावंच नव्हतं. दोन वर्सांत गेली. तवापासून म्या सगळं मोठ्यानंच बोलते."

आणि मी, ज्याला त्यांनी खालची खोली दिली, खुर्ची दिली, तो मी म्हणालो, "मग त्या पोरीचं पाप आमच्या डोक्यावर कशाला फेडताय?"

त्यांच्या हातातलं सूप मांडीवर कललं.  मी खोलीत निघून आलो. त्यानंतर आम्ही एकाच घरात राहून एकमेकांशी बोललो नाही. त्या दारात चहा ठेवायच्या, मी प्यायचो, कप धुऊन ठेवायचो. इतका निर्लज्ज मी, की चहा सोडला नाही.

व्हिडिओ बघून ऑफिसात सगळे चांगले वागायला लागले. हे फार वाईट. माझ्या खुर्चीवर कोणीतरी उशी आणून ठेवली. कोणी मोठ्यानं बोललं की दुसरा त्याला खुणावायचा. नवाबसाब तर कोणी म्हणेचना. शकीलभाई माझ्या टेबलापाशी यायचेच बंद झाले. मला वाटलं, बिचारे आपल्या चेष्टेचं वाईट वाटून घेतायत.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते गोदामाच्या शटरपाशी उभे होते. मला खुणेनं बोलावलं. इकडं तिकडं बघितलं.

"वो तुम्हारी आत्याबाई," ते म्हणाले, "किधर रहती?"

"का हो?"

 ते शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "डॉक्टर बोला दिल का पंपिंग कम है. वजन उठाना नक्को बोला. दो महिने हो गए." आणि मराठीत, अगदी खालच्या आवाजात, "मलाबी बसायचं काम पायजे रे. शेटजीला सांगू नको. घरीबी माहीत नाय."

दोन महिने हा माणूस जार चढवत होता. माझ्यासमोर. मला मेहंदीचं विचारत होता आणि स्वतः पिशव्यांआड जाऊन दम खात असणार.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला त्या क्षणी बरं वाटलं. दुःख नंतर झालं. आधी बरं वाटलं, की चला, हा पण. हा बैलासारखा माणूस पण. कसं मन असतं माणसाचं, छी.

रविवारी मी त्यांना घेऊन आलो. ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती, सत्कारानंतर आत्याबाईंकडं लांबून लांबून लोक यायला लागले होते. शकीलभाई फाटकातच अडले. पांढरा शर्ट घालून आले होते, इस्त्रीचा. बघायला आल्यासारखे. मला म्हणाले, "तू बोल. मेरेसे नै होता."

आत्याबाई दारात आल्या. इतक्या दिवसांनी त्यांच्याशी पहिला शब्द बोलायचा होता. अवघडलं की माणूस उगीच मोठ्यानं बोलतो, तसा मी फाटकातूनच ओरडलो, "आत्याबाई, हे आमच्या गोदामातले शकीलभाई! ह्यांच्या हृदयाचं—"

"हळू!" आत्याबाई म्हणाल्या.

मी थांबलो. शकीलभाईंचे कान लाल झाले होते, नजर पायाशी. ती नजर मला आतून माहीत होती, आणि तरीही मी.

आत्याबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. माझ्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल रं. लाज वाटती माणसाला." मग शकीलभाईंना म्हणाल्या, "या भाऊ, घरात या." त्यांना आत नेलं आणि दार लावून घेतलं. त्या घराचं दार दिवसा लागलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी कान देऊन उभा राहिलो. आत्याबाईंचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज, बाहेर येत नव्हता.

ओट्यावर एक अनोळखी बाई होती, सिल्लोडहून पोराला घेऊन आलेली. तिनं मला जागा दिली आणि विचारलं, "त्यांना काय झालंय वो? अंगानं तर चांगले दिसतात."

बाकीचे पण माझ्याकडं बघायला लागले.

"त्यांना काही नाही झालेलं," मी म्हणालो. "मला झालंय. माझ्या हृदयाची झडप खराब आहे. उभं राहवत नाही, म्हणून ते मला सोडायला आलेत."